त्र्याऐंशीवं मिनिट

प्रिय लॉर्ना,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल, कारण या घरातून तुला गेलेल्या प्रत्येक पाकिटावर तुझ्या आईचं अक्षर असायचं. हे माझं आहे. कोंबडीचे पाय म्हण, काय म्हणायचं ते म्हण. सत्तरी उलटलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मुलीला पत्र लिहायला बसलाय, तेव्हा जरा सांभाळून घे. फोन का नाही केला, असं तू म्हणशील. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही माहीत आहे. मी विचारतो, 'तिकडे पाऊस आहे का?' तू म्हणतेस, 'आहे.' मी म्हणतो, 'इकडेही आहे.' मग तू 'बरं बाबा, तब्येतीला जपा' म्हणतेस, मी 'हो, हो' म्हणतो, आणि झालं. तू नॉर्विचला गेल्यापासून पंचवीस वर्षं आपण दोघं एकमेकांना हवामानच सांगत आलोय.

मी बरा आहे. नवा गुडघा जुन्यापेक्षा गुणी निघाला, फक्त जिना उतरताना कुरकुरतो. शेजारच्या मिसेस पिकपनी मला हॉटपॉट करायला शिकवायचा विडा उचललाय. पहिल्या खेपेला मटण कच्चं आणि वरचे बटाटे कोळसा. दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, 'डेरिक, आता निदान कुत्रा तरी खाईल.' कुत्र्याने खाल्लं, लगेच खाल्लं, म्हणजे प्रगती आहे. ग्लेनिसची, म्हणजे तुझ्या आईची, स्वयंपाकघरातली खुर्ची मी खिडकीपाशी सरकवली होती, मग पुन्हा होती तिथे ठेवली. फेब्रुवारीत ती गेल्यापासून घरात हे असंच चाललंय, काहीतरी हलवायचं आणि परत जागेवर ठेवायचं. फुटबॉलमध्ये आपले टाउन पुन्हा हरले, सलग सहावा सामना. मी जातो अजून. जाऊन बसतो, शिव्या घालतो, घरी येतो.

काल बसमध्ये चढलो तर ड्रायव्हर, विशीतला पोरगा, मला म्हणतो, 'मिस्टर हेस्केथ, मागे सरका, पण आधी वळून बघा हं, नाहीतर लंडनवाला कुणी उभा असायचा!' सगळी बस हसली. मीही हसलो. हा पोरगा त्या सामन्याच्या वेळी जन्मलाही नव्हता, त्याचा बाप चड्डीत असेल. पण थॉर्नक्लिफमध्ये पोरं चालायला शिकायच्या आधी माझा तो पास शिकतात. कुणाच्या हातून कप पडला, कुणी चुकीच्या स्टेशनवर उतरलं, की लोक म्हणतात, 'केला हेस्केथ!' तुझ्या शाळेच्या जत्रेत तुझ्या हातून केकचा ट्रे सटकला तेव्हा अख्खा वर्ग हेच ओरडला होता ना? नऊ वर्षांची होतीस. घरी येऊन तू रडलीसही नाहीस, सरळ जिना चढून गेलीस. मी खाली सोफ्यावर बसून होतो. वर यायला हवं होतं. नाही आलो.

माझ्या खेळाबद्दल तुला जे ठाऊक आहे ते सगळं गावाने सांगितलेलं. आज माझ्याकडून ऐक. माझा बाप कापड-धुलाईच्या कारखान्यात होता, आजोबा होते, आणि पंधराव्या वर्षी मीही तिथेच चिकटलो असतो. टाउनच्या एका माणसाने मला कारखान्यामागच्या चिखलात खेळताना पाहिलं आणि बाबांना येऊन सांगितलं की पोराला काही विशेष येत नाही, पण तो दमत नाही. एवढ्या कौतुकावर माझी निवड झाली! आणि खरंच, मला काही विशेष येत नव्हतं. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि ज्याला खेळता येतं त्याला नेऊन द्यायचा. गोल करणारे वेगळे, टाळ्या घेणारे वेगळे. ड्रेसिंग रूममध्ये मला 'पोस्टमन' म्हणायचे. अकरा हंगाम, चारशे सहा सामने, नऊ गोल, त्यातले दोन तर चेंडू माझ्या ढुंगणाला लागून गेलेले. पण लॉर्ना, मी चुकीच्या पत्त्यावर टपाल टाकत नसे. आमचे मॅनेजर मिस्टर क्रॉम्प्टन, ज्यांनी कौतुकाचा शब्द बँकेच्या तिजोरीत ठेवला होता, ते एकदा म्हणाले होते, 'हेस्केथकडे चेंडू असला की मी घड्याळात बघू शकतो.' ते वाक्य मी लग्नाच्या फोटोसारखं जपलं.

आता त्या एप्रिलबद्दल. आपल्यासारख्या गावाचा संघ कपच्या सेमीफायनलपर्यंत जाणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. दुकानांच्या काचा निळ्या-पांढऱ्या रंगवल्या होत्या. खाटकाने सॉसेजला निळा रंग लावला, कुणी घेतली नाहीत ती गोष्ट वेगळी. सामना यॉर्कशरमधल्या तिऱ्हाईत मैदानावर, समोर लंडनचा बडा संघ, आणि जिंकलो तर वेम्बलीवर फायनल. तुझी आई तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तुझी तारीख जूनची होती, म्हणून मी निर्धास्त होतो. शुक्रवारी सकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, 'जा, आणि सभ्यपणे खेळ, माझी सासू टीव्हीवर बघतेय.'

मिस्टर क्रॉम्प्टन यांचा एक नियम होता. शुक्रवारी दुपारी आम्ही हॉटेलात शिरलो की शनिवारी सामना संपेपर्यंत घरचा कुठलाही निरोप खेळाडूपर्यंत पोचायचा नाही. कुणाचं पोर तापलं, कुणाच्या सासूने भांडण काढलं, सगळं पाच वाजल्यानंतर. हा नियम गावातल्या बायकांनाही पाठ होता, आणि खरं सांगतो, आम्हालाही तो चुकीचा वाटत नसे. सगळ्या क्लबांत थोड्याफार फरकाने असंच चालायचं. त्या रात्री नऊ वाजता तुझ्या आजीने हॉटेलवर फोन केला. ग्लेनिसला इस्पितळात नेलंय, मूल दोन महिने आधी येतंय, डॉक्टर काही सांगत नाहीत, डेरिकला पाठवा. मॅनेजरनी तो निरोप चिठ्ठीवर लिहून घेतला, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला. मी त्यांच्यासमोरच्या टेबलावर उकडलेली कोंबडी खात होतो. माझ्या खांद्यावर थाप मारून ते म्हणाले, 'लवकर झोप.' आणि मी झोपलो गं. छान झोपलो.

सामना तू पाहिलायस, सगळ्यांनी पाहिलाय, दर वर्षी कुणीतरी दाखवतंच. त्र्याऐंशीव्या मिनिटाला एक-एक. आमचा एक जण पाय धरून पडला, रेफ्रीने खेळ थांबवला आणि आपला विल्फ बादली आणि स्पंज घेऊन धावत आला. विल्फ एंटविसल तुला आठवत असेल, आपला ट्रेनर, नाताळला तुला आल्याच्या वड्या आणायचा. सगळ्यांच्या दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध, गार पाणी. तर विल्फ त्या पडलेल्याच्या गुडघ्यावर स्पंज दाबत होता आणि बघत माझ्याकडे होता. त्याचे डोळे भरलेले. मी म्हटलं, 'काय रे विल्फ, एवढं लागलंय का त्याला?' तसा तो उठला, मला पाणी पाजायच्या निमित्ताने जवळ आला आणि एका दमात बोलून गेला. 'डेरिक, कालपासून पोटात ठेवलंय, आता नाही राहवत. ग्लेनिसला काल रात्री इस्पितळात नेलं. मुलगी झाली. दीड किलोची आहे, पण रडतेय म्हणे अशी की वॉर्ड डोक्यावर घेतलाय. दोघी सुखरूप. आत्ताच फोन आला. मॅनेजर म्हणालेत पाचपर्यंत तोंड उघडलंस तर सोमवारपासून येऊ नकोस, तेव्हा तू मला ओळखत नाहीस.' आणि बादली उचलून गेला.

मी तुला कसं सांगू! भीती वाटायलाही वेळ मिळाला नाही. एकाच वाक्यात कळलं की तू मरता मरता वाचलीस आणि तू आहेस. मैदानात चाळीस हजार माणसं ओरडत होती, मला काही ऐकू येईना. पायाखाली गवत आहे एवढं समजत होतं. मी हसत होतो. त्या जुन्या चित्रफितीत बघ, चेंडू माझ्याकडे येतो तेव्हा मी हसतोय. एका पत्रकाराने लिहिलं होतं की हेस्केथ गर्वाने हसत होता, समोरच्याला त्याने कस्पटासमान लेखलं. कसला गर्व! मुलगी, मुलगी, मुलगी, एवढंच डोक्यात. चेंडू पायाशी आला. चारशे सामन्यांत मी न बघता पास दिला नव्हता. त्या वेळी मागे वळून गोलकीपरला द्यायचा होता, रोजचंच काम, डोळे मिटून होणारं. मी डोळे मिटूनच दिला म्हण ना. गोलकीपर तिथे नव्हता. लंडनचा तो लांब पायांचा होता. पुढचं जगाला पाठ आहे.

शिट्टी वाजली तसा मी पळालो. हात मिळवला नाही, कपडे बदलले नाहीत. चिखलाने भरलेल्या बुटांनिशी रस्त्यावर आलो आणि एका पावाच्या गाडीला हात केला. ड्रायव्हर टाउनचाच निघाला, गळ्यात निळा-पांढरा मफलर. डोंगर ओलांडेपर्यंत दीड तास तो एक शब्द बोलला नाही. इस्पितळाच्या दारात उतरवताना म्हणाला, 'तुझ्या बायकोसाठी आणलं, तुझ्यासाठी नाही.' गावात मात्र झालं, हेस्केथ तोंड लपवून पळाला. पळत होतो ते तुझ्याकडे. रात्री आठ वाजता काचेच्या पेटीत तुला पाहिलं. माझ्या गुडघ्यावरचा चिखल बघून नर्स मला आत सोडेना, तेव्हा तुझ्या आईने पलंगावरून तिला झापलं.

मग हे मी कुणाला सांगितलं का नाही? सोमवारी मिस्टर क्रॉम्प्टन यांनी वर्तमानपत्रांना सांगितलं की हेस्केथला बातमी सामना संपल्यावर दिली, आमच्याकडे शिस्त आहे. मी तोंड उघडलं असतं तर विल्फ रस्त्यावर आला असता. अठ्ठावन्न वर्षांचा होता, बायको अंथरुणाला खिळलेली, बादली-स्पंजाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्याने माझ्यावर माया केली, मी त्याची भाकरी घालवू? हे एक कारण. दुसरं तू. मी आपलं गाव ओळखून आहे. खरं कळलं असतं तर तो पास माझा राहिला नसता, तुझा झाला असता. 'ही ती पोरगी, हिच्यामुळे वेम्बली हुकली,' असं दुकानात, शाळेत, चर्चमध्ये तुला लोकांनी ऐकवलं असतं. गमतीने ऐकवलं असतं, पण आपल्याकडची गंमत चाळीस वर्षं टिकते, मला विचार. म्हटलं, शिव्या मला खाऊ देत. माझी कातडी जाड आहे.

पुढच्या हंगामात घरच्या मैदानावर माझ्या पायाला चेंडू लागला की आपलीच माणसं हुर्यो करायची. नोव्हेंबरात मला लिंकनशरच्या किनाऱ्यावरच्या एका क्लबला विकलं, लीगमध्ये दोन विभाग खाली. तिथे वाऱ्याने कॉर्नरचा चेंडू परत यायचा. तुला ते भाड्याचं घर आठवणार नाही, तुझे कपडे शेकोटीपुढे वाळत असायचे आणि सगळ्या घराला मासळीचा वास. चार वर्षं खेळलो, गुडघा गेला, तेहेतिसाव्या वर्षी संपलं. परत थॉर्नक्लिफला आलो, शाळेत केअरटेकर झालो, बॉयलर सांभाळला, फरश्या पुसल्या. लोकांना वाटतं मी त्या पासवर आयुष्यभर झुरलो. वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? वेम्बलीच्या त्या हिरवळीवर एकदा तरी उभं राहायचं होतं. पण झुरलो बिरलो नाही. झुरायला वेळ कुणाला होता, रात्री तू झोपू देत नव्हतीस.

इथवर माझी बाजू चांगली दिसते. आता वाईट ऐक. तुझा वाढदिवस म्हणजे गावाच्या लेखी सेमीफायनलची तारीख. दर वर्षी त्या दिवशी पेपरात माझा गुडघ्यावर बसलेला फोटो, सकाळपासून फोन, दारात कुणीतरी वार्ताहर. आणि मी काय करायचो? काठी घ्यायचो आणि माळावर निघून जायचो, दिवेलागणीला परत. केकवरच्या मेणबत्त्या तू माझ्याविना विझवायचीस. मला वाटायचं, मी घरात नसलो तर ती पीडा तुझ्या वाढदिवसाला शिवणार नाही. तुला काय दिसत असेल याचा विचार या अकलेच्या कांद्याने केलाच नाही. तुला दिसत होता एक बाप, ज्याला तुझ्या वाढदिवशी तुझं तोंड बघवत नाही.

चौदा वर्षांची असताना तू मला विचारलंस. स्वयंपाकघरात, शाळेच्या गणवेशात. 'बाबा, मी त्या दिवशी झाले नसते तर तुम्ही वेम्बलीला गेला असता का?' तेव्हा सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. आणि मी म्हणालो, 'वेडी आहेस का? चहा गार होतोय.' आणि शेडमध्ये जाऊन दोन तास एक बरा असलेला लाकडी स्टूल दुरुस्त करत बसलो. परत आलो तेव्हा तुझा चहा तसाच होता. त्यानंतर तू कधी काही विचारलं नाहीस, आणि अठराव्या वर्षी नकाशात सापडेल तितक्या लांबचं कॉलेज घेतलंस.

तुझ्या आईला सगळं माहीत होतं. दर एप्रिलला ती म्हणायची, 'डेरिक, या वर्षी तिला सांग.' मी म्हणायचो, 'पुढच्या वर्षी.' तूच सांग म्हटलं तर फणकारायची, 'पास तू दिलास, निस्तर तू. मी पोस्टमनची पोस्टमन नाही.' विल्फ गेला त्यालाही अकरा वर्षं झाली. जायच्या आधी त्यानेही बजावलं होतं, 'माझी नोकरी गेली खड्ड्यात, पोरीला सांगून टाक रे.' म्हणजे त्यानंतर मला अडवायला कुणीही नव्हतं. एकदा गप्प बसायची सवय लागली की तोंड गंजतं, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे. ते पुरेसं नाही, मला कळतं. रागाव. रागावलीस तर मला बरं वाटेल.

एप्रिलच्या अकरा तारखेला मी नॉर्विचला येतोय. तीन गाड्या बदलाव्या लागतात, मिसेस पिकपनी सगळ्या वेळा कागदावर लिहून दिल्यात, कुत्राही त्यांच्याकडे राहील. तुझ्या वाढदिवसाला मी तुझ्या घरात असेन, आणि हाकलायचं असेल तर केक खाऊन झाल्यावर हाकल.

हे सगळं आजच का, ते आता सांगतो. तुझ्या आईला पोचवून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये चहा चालला होता. तू लोकांना सँडविच वाढत होतीस, मी कोपऱ्यात बसलो होतो, आणि तुझी टिली माझ्या शेजारच्या खुर्चीवर चढून बसली. तिने माझी बाही ओढली आणि अगदी हळू विचारलं, 'आजोबा, आई जन्मली म्हणून तुम्हाला वाईट वाटलं होतं ना? आई म्हणते, तिच्या वाढदिवसाला तुम्हाला नेहमी वाईट वाटतं.' सात वर्षांची पोर, पाय खुर्चीखाली लोंबकळताहेत, आणि माझ्याकडे बघतेय कशी, तर कीव केल्यासारखी. लॉर्ना, मी तिला बिस्किट दिलं. सहा आठवडे झाले, मला तेवढंच ऐकू येतंय. तेव्हा माझी गाडी पोचायच्या आधी तिला तुझ्या तोंडाने सांग, तू सांगितलंस तरच तिला खरं वाटेल. म्हणावं, आई जन्मली म्हणूनच आजोबा हरले. आणि त्या दिवशी त्या मैदानावर आजोबांइतका खूश माणूस दुसरा कुणी नव्हता.

चाळीस वर्षांहून जास्त उशिरा का होईना, पण तुझाच,
बाबा